दहा मिनिटांचे विस्मरण

“आधी त्याला विसरायला सांगितलंस का?”

हा प्रश्न कथेच्या सर्व ज्ञात पाठांत सारखा आहे. बाकीचे तपशील बदलतात. इतरांच्या नोंदी आणि पत्रे सांभाळणारी यंत्रे ज्या थंड दालनांत रांगेने उभी असतात, त्या डेटा सेंटरांतल्या कामकऱ्यांच्या तोंडी ही कथा फिरते. विदर्भाकडच्या पाठात गुरू ही एक बाई आहे आणि ती शेवटपर्यंत विणकाम करीत असते. खाडीकाठच्या पाठात गुरूला नाव नाही. तो कंत्राटावर येतो, काम झाल्यावर दिसत नाही, आणि सांगणारे त्याला फकीर म्हणतात. तिथे शिष्य रडतो. हे रडणे ही मागाहून पडलेली भर असावी, कारण जुन्या सांगणाऱ्यांना ते ठाऊक नाही. काही पाठांना उपदेशाचे शेपूटही जोडलेले आढळते. येथे दिलेला पाठ घाटमाथ्यावरचा. तो सर्वांत आखूड आहे, आणि बहुधा म्हणूनच सर्वांत जुना.

या पाठात प्रश्न विचारणारे दस्तगीर मुजावर हे मिरजेचे. उभी हयात टेलिफोन खात्यात काढून ते निवृत्तीनंतर सल्लागार म्हणून आले होते. सगळे त्यांना चाचा म्हणत.

ज्याला विचारला तो हृषीकेश खरात, वय एकोणतीस. दालनातली सर्वांत मोठी खुर्ची त्याची होती, आणि ती त्याने मिळवली होती.

घाटाखालच्या नऊ रक्तपेढ्यांच्या नोंदी पूर्वी नऊ निरनिराळ्या संगणकांत असत. हृषीकेशने त्या नऊंना देहमुक्त केले होते. आता ते आभासी होऊन दोन मोठ्या यंत्रांच्या पोटात राहत. एक यंत्र थकले, की एक श्वासही न चुकवता दुसऱ्यात जात. त्यांची सारी वर्दळ ज्या पेटीतून होई, तो स्विच. तार एकच, पण तिच्यावर अनेक आभासी वाटा; कोणती वाट खुली आणि कोणती बंद, हे स्विच आपल्याजवळच्या यादीवरून ठरवतो. हा स्विच घाटापलीकडे, डोंगरावरच्या एका कुलूपबंद खोलीत होता. रस्ता तीन तासांचा. हृषीकेश इथे बसून, त्याच तारेवरून, त्याला आज्ञा देत असे.

“विसरायला?” हृषीकेश हसला. “चाचा, आपण त्याला नवीन वाटा शिकवतोय.”

“तेच म्हणतोय. शिकवायच्या आधी.”

रीत अशी होती. दूरच्या स्विचला काही नवे सांगण्यापूर्वी त्याला बजावून ठेवायचे, की दहा मिनिटांनी आपोआप बंद हो आणि पुन्हा सुरू हो. सुरू होताना त्याला फक्त जतन केलेले आठवते. ताजे सांगितलेले सारे तो विसरतो. काम नीट झाले, तर बजावणे मागे घ्यायचे आणि मगच नवे जतन करायचे. बिघडले, तर हात बांधून थांबायचे.

“ही भित्र्या माणसांची रीत आहे.”

“आहेच,” चाचा म्हणाले. “मी भित्रा आहे. लिही.”

हृषीकेशने लिहिले. दहा मिनिटे.

“आणि हे काम रविवारी पहाटे कर म्हटलं होतं मी.”

“रविवारी भावाचा साखरपुडा आहे. शिवाय क्लाउडला वार नसतो, चाचा. तुमच्या टेलिफोनला असेल.”

“आमच्या टेलिफोनला रात्रपाळी होती,” चाचा म्हणाले. “वार तेवढा नव्हता.”

घड्याळात दुपारचे सव्वाबारा झाले होते. हृषीकेशने घरून कागदावर सात ओळी लिहून आणल्या होत्या. त्याने त्या सातही एका फटक्यात पडद्यावर उतरवल्या आणि बोट दाबले.

पडदा थिजला.

भिंतीवर नऊ हिरवे ठिपके होते, दर रक्तपेढीचा एक. पहिला लाल झाला. मग दुसरा. मग उरलेले सात एकदमच.

“काय केलंस?”

“नवीन वाटांची यादी दिली फक्त...” हृषीकेश थांबला. नवी यादी दिली, की स्विच जुनी पुसून टाकतो. हे तो इतरांना शिकवत असे. त्याच्या यादीत नव्या तीन वाटा होत्या. जुन्या नऊ नव्हत्या. तो स्वतः जिच्यावरून आज्ञा देत होता, ती दहावीही नव्हती.



“ठीक आहे,” हृषीकेश घाईने म्हणाला. “ठीक आहे. आपण बजावलंय ना! दहा मिनिटांत विसरेल, जागा व्हायला चार. चौदा मिनिटं. कोणाला कळणारसुद्धा नाही.”

“कागदावरची शेवटची ओळ काय होती?”

“शेवटची?”

“सातवी.”

हृषीकेशने कागद पाहिला. पाहायची गरज नव्हती. सातवी ओळ नेहमी एकच असे. मागे वळून पाहावे लागेल असे काम तो करीतच नसे, म्हणून प्रत्येक कागदाच्या तळाशी तो ती आधीच लिहून ठेवी.

“जतन कर,” तो म्हणाला.

“म्हणजे तो बंद होईल,” चाचा सावकाश म्हणाले, “आणि जागा होईल तेव्हा तुझी चूक त्याला पाठ असेल.”

“नाही! चाचा, ओळी एकामागून एक जातात. चौथ्या ओळीनं, त्या वाटांच्या यादीनं, तार तुटली. सातवी पोचलीच नसेल.”

“का सातही एका घोटात पोचल्या, आणि मग चौथीनं तार तोडली?”

“तुम्ही सांगा.”

“मला काय माहीत, लेका.”

हृषीकेश उठला. “मी गाडी काढतो. खोलीची किल्ली द्या.”

“तीन तास.”

“मग इथे बसून काय करू?”

तेवढ्यात फोन वाजला.

फोन किनाऱ्यावरच्या एका तालुक्याच्या रुग्णालयातून होता. डॉक्टर लतिका सामंत. आवाज चढलेला नव्हता.

“तुमची नोंद उघडत नाहीये. माझ्याकडे बाळंतीण आहे, रक्त थांबत नाही. ओ निगेटिव्ह लागतंय. आमच्याकडची एकच पिशवी होती, ती लावली. कोणत्या पेढीत आहे ते सांगा, गाडी दारात उभी आहे.”

“मॅडम, दोनच मिनिटं, लाईनचा जरा...”

चाचांनी टेबलावर बोट वाजवले. एकदाच.

हृषीकेशने त्यांच्याकडे पाहिले. चाचांनी मान हलवली नाही, डोळेही हलवले नाहीत.

“मॅडम,” हृषीकेश म्हणाला. “अकरा मिनिटं लागतील. किंवा तीन तास.”

“यातलं कोणतं?”

“माहीत नाही.”

पलीकडे कोणीतरी काहीतरी मागत होते. धातूचा आवाज झाला.

“झालंय काय नक्की?”

“माझ्या हातून चूक झाली.”



“बरं,” डॉक्टर म्हणाल्या. “मग मी तीन तास धरून चालते. एकेका पेढीला फोन लावते. दोन ठिकाणी विचारलं, नाहीये. तिसरीत कोणी उचलत नाही. तुमचं सुरू झालं तर सांगा. फोन ठेवू नका.”

हृषीकेशने फोन टेबलावर उघडाच ठेवला. त्यातून दुसऱ्या एका फोनची घंटी बारीक ऐकू येत होती. कोणी उचलत नव्हते.

त्याचे हात आपोआप कळफलकाकडे गेले. एखादी आडवाट, एखादी जुनी खिडकी, काहीतरी असेल... चाचांनी दोन्ही हात पुढे करून त्याची मनगटे धरली आणि टेबलावर दाबून ठेवली.

“सोडा, चाचा!”

“कशाला?”

“प्रयत्न तरी करू द्या.”

“तार तुटलीय. तुझे प्रयत्न या खोलीतच फिरतील.”

“तुम्हाला काय जातंय? तुम्ही शांत बसू शकता!”

मग हृषीकेशला जाणवले, की मनगटांवरचे तळवे ओले आहेत. त्याने वर पाहिले. म्हाताऱ्याची नजर लाल ठिपक्यांवर होती, आणि ओठ मिनिटे मोजत होते.

सात.

आठ.

फोनमधून आवाज आला, “नाही का? बरं, पुढची लावा.”

नऊ.

दहा मिनिटे झाली. काहीच घडले नाही. घडायचेच नव्हते, डोंगरावरच्या बंद खोलीत एक पेटी विझली असेल आणि आता उजळत असेल, एवढेच. तिला काय आठवत होते, ते तिलाच ठाऊक.

अकरा.

“चाचा... तुमचं असं कधी झालं होतं?”

“हो.”

“मग काय झालं?”

“हात हलवू नको.”

बारा. तेरा. फोनमध्ये कोणीतरी म्हणाले, “प्रेशर पडतंय.”

चौदा.

ठिपके लाल होते.

हृषीकेशने डोळे मिटले. “पोचली,” तो म्हणाला. “सातवी पोचली. किल्ली द्या, मी निघतो.”

चाचांनी मनगटे सोडली नाहीत.

“चाचा, किल्ली!”

भिंतीवरचा तिसरा ठिपका हिरवा झाला. मग सहावा. मग पहिला आणि नववा, मग बाकीचे सारे. थिजलेला पडदा हलला, आणि त्यावर स्विचने, जणू मध्ये काहीच घडले नव्हते असे, हृषीकेशला नाव विचारले.

मनगटांवरची पकड सुटली.

हृषीकेशने नोंद उघडली. दोनदा चुकीची कळ दाबली गेली. “मॅडम! मॅडम, ऐकताय? सातव्या पेढीत दोन पिशव्या. तुमच्यापासून अठरा किलोमीटर. मी त्यांना आत्ता पिशव्या बाजूला काढायला सांगतो.”

“गाडी सोडा,” डॉक्टर कोणाला तरी म्हणाल्या. “सातवी. हो, आता.” मग हृषीकेशला, “ऐकलं.” आणि फोन बंद झाला.

हृषीकेशने सातव्या पेढीला फोन केला. पिशव्या निघाल्या. गाडी पोचल्याचा निरोप पाऊण तासाने आला, आणि रक्त चढू लागल्याचा त्यानंतर. मधल्या वेळात दोघांपैकी कोणीही जागचे हलले नाही.

“ती ओळ पोचली नव्हती,” हृषीकेश शेवटी म्हणाला.

“नव्हती.”

“म्हणजे माझी चूक माझ्या खात्रीच्या पुढे धावली. म्हणून वाचलो.”

चाचांनी रुमालाने तळवे पुसले. ते अजून ओलेच होते.

हृषीकेशने कागद घडी करून खिशात घातला. “अहवालात काय लिहू? चौदा मिनिटं तर होती. नऊही पेढ्यांना वाटलं असेल, लाईन गेली आणि आली. तिकडे रोजच जाते.”

“त्यांना फोन कर.”

“काय सांगू?”

“डॉक्टरबाईंना सांगितलंस ते.”

“पण त्यांनी विचारलेलं नाही, चाचा. त्यांना कधी कळणारही नाही.”

“म्हणून,” चाचा म्हणाले.

हृषीकेशने फोन जवळ ओढला आणि पहिल्या पेढीचा नंबर लावला.