पालखी थांबवणारा मोगरा

एका टेकडीखालच्या गावात उन्हाळा वासानं ओळखू यायचा. वैशाखातल्या जत्रेला देवीची पालखी निघे, तेव्हा भोई डोळे मिटून चालत. पुढे एकजण घुंगरू वाजवत वाट दाखवी. ज्या अंगणातल्या मोगऱ्याचा वास भोयांची पावलं अडवून धरी, तिथे पालखी टेके.

वर्षानुवर्षं ती, सारं गाव जिला आत्या म्हणे, तिच्याच अंगणात टेकली होती. पण गेले दोन उन्हाळे घुंगरांचा आवाज दारावरून सरळ पुढे निघून गेला.

"दृष्ट लागली माझ्या मोगऱ्याला," म्हणत आत्या आणखी एक घागर ओती. झाडं हिरवीगार, पानांनी गच्च; फुलं मात्र नावाला.

आत्याची भाची मैना याच अंगणात खेळून वाढलेली. माघात ती कात्री घेऊन आली. "आत्या, आता पाणी बंद. पानं उतरवायची, शेंडे छाटायचे. झाड नुसतं सुखात लोळतंय, ते कशाला फुलेल?"

"हात आहेत की विळे गं तुझे? जन्मात मी त्याला उपाशी ठेवलं नाही!"

"म्हणूनच तर! यंदा नाही फुललं, तर या अंगणात पुन्हा पाऊल टाकणार नाही."

आत्या चरकली. मैनेवाचून तिला करमत नसे. "कर बाई काय ते. पण दारालगतच्या झाडाला शिवायचं नाही. नवी नवरी असताना लावलंय मी ते."

मैनेनं बाकीची झाडं ओकीबोकी केली. माती तडकली. येणारेजाणारे हसले. मैनेला स्वप्नातही काटक्याच दिसू लागल्या.

फाल्गुन लागताच तिनं शेणखत घातलं, मनसोक्त पाणी दिलं. हळूहळू काटक्यांवर हिरवे डोळे उघडले. मग कळ्या आल्या, इतक्या की चांदणं परत जायचं विसरून अंगणातच राहिलंय असं वाटावं.

जत्रेच्या संध्याकाळी घुंगरू जवळ आले. मैनेनं श्वास रोखला. दारालगतच्या हिरव्यागार झाडावरून भोई तसेच पुढे निघाले. तेवढ्यात अंगणातून झुळूक आली. घुंगरू थांबले. भोई मिटल्या डोळ्यांनीच वळले आणि पालखी फुलांच्या मधोमध टेकली.

आत्या दारालगतच्या झाडाची पानं चाचपत राहिली. एकही कळी हाताला लागली नाही.

पुढच्या माघात मैना आली, तर आत्या कात्री घेऊन त्याच झाडापुढे उभी.

"बघतेस काय नुसती? कुठून कापू, सांग की!"

तात्पर्य: माया करणाऱ्याला, मग तो कितीही वडीलधारा असो, हात आवरताही यावा.