एका लिटरची परीक्षा

हेमलता गुरव या नर्सबाई लसी द्यायला वाड्यावस्त्यांवर फिरायच्या, आणि त्यांची म्हातारी गाडी पेट्रोल नुसतं ढोसायची. कमी पिणारी एखादी वापरलेली गाडी बघावी म्हणून त्या बजरंगशेठच्या आवारात गेल्या.

शेठनं एका पांढऱ्या गाडीच्या टपावर थाप मारली. "लिटरला पंचवीस किलोमीटर! लिहून देतो."

बाईंनी बॉनेट उघडायला सांगितलं, तसा तो खो-खो हसला. "बाई, यातलं तुम्हाला काय कळणार? घरातल्या पुरुषमाणसाला घेऊन या."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी त्यांनी शांतपणे विचारलं, "शेठ, तुमचं घर इथून किती लांब?"

"अठरा किलोमीटर."

"मग हिची टाकी रिकामी करा, मोजून एक लिटर भरा आणि आज हिच्यातूनच घरी जा. पोचलात, तर सांगाल त्या किमतीला उद्या घेऊन जाते."

शेठ घुटमळला. "दोन लिटर टाकू की. वाटेत चढ आहे, मदतीलाही कुणी भेटत नाही..."

"आत्ता कळलं!" बाई कडाडल्या. "पुरुषमाणूस आणायला सांगत होतात, तो गाडी ढकलायला होय!"