चुन्याचा वाटा

नदीवर पूल नव्हता आणि माणसे नावेनेच पैलतीरी जात, त्या जुन्या काळी एका गावात विणकरांची आळी होती. आळीच्या तोंडाशी, विहिरीलगत, एक लांब भिंत होती. तिच्यावर आळी वसवणाऱ्या सात पूर्वजांचे चित्र काढावे, असे सर्वांनी ठरवले.

त्या सातांना प्रत्यक्ष पाहिलेला एकच माणूस उरला होता, म्हातारा चितारी. त्याची दृष्टी वर्षभरात जाईल, असे वैद्याने सांगितले होते. चित्र बिघडले, तर ते चेहरे कायमचे जाणार होते.

घरटी एक पायली जोंधळा जमला आणि त्याचा विनियोग आळीतल्या तानूबाईकडे सोपवण्यात आला. तिने सर्वांसमक्ष तीन ढीग केले.

"हा चुन्याचा, हा रंगांचा आणि हा पावसाळ्यानंतरच्या डागडुजीचा."

थोरल्या घरचा दाजीबा हसला. "वहिनी, चित्र काढायचे आहे की भिंत सारवायची आहे?"

"आधी भिंत, भावोजी. कळीचा चुना महिनाभर पाण्यात मुरला पाहिजे."

"आणि निळीला काय उरले?"

"तूर्त काही नाही. नीळ फार महाग."

"म्हणजे आमचे पूर्वज बिनआभाळाचे!"

सारी आळी खदाखदा हसली. तानूबाईचे कान तापले. क्षणभर तिचा हात तिसऱ्या ढिगाकडे गेलाही; पण तिने तो आवरला.

"भावोजी, खळ लावून सूत ताठ केल्याशिवाय ताणा कधी मागावर चढवलात का?"

दाजीबाचा हट्ट मात्र सुटला नाही. त्याने स्वतःचा चुना आणि स्वतःची नीळ आणली. चुना मुरू न देताच भिंतीच्या टोकाला चार दिवसांत गिलावा करून घेतला आणि परगावच्या रंगाऱ्याकडून निळ्या पागोट्यातली आपली स्वारी घोड्यासह काढवली. लोक ती पाहायला थांबत.

महिन्याने चिताऱ्याने कुंचला हाती घेतला. सात चेहरे उमटले. वर आभाळ पांढरेफटक.

"आभाळ परटाकडे दिले वाटते!" बायका पाणी भरता भरता म्हणत. तानूबाई ऐकून घेई.

चार महिने पाऊस झाला. तो ओसरल्यावर चिताऱ्याला हाताला धरून आणावे लागले, कारण त्याला आता दिसत नव्हते. त्याने भिंतीवरून सावकाश तळवा फिरवला.

"गुळगुळीत आहे. सातही जण आहेत ना?"

"आहेत, बाबा," तानूबाई म्हणाली.

टोकाशी मात्र गिलाव्याचा पोपडा त्याच्या हातात आला.

"इथे कोण होते?"

"मी होतो," दाजीबा खाली मान घालून म्हणाला. "आता घोडा तेवढा उरला आहे."

त्याच्यासकट सगळे हसले. चित्राला डागडुजी लागलीच नव्हती; म्हणून तानूबाईने तिच्यासाठी राखलेला तिसरा वाटा काढला आणि नीळ आणवली. ती खलायला दाजीबा न सांगता बसला. चितारी सांगत गेला, आळीकर रंगवत गेले आणि संध्याकाळपर्यंत सात पूर्वजांवर आभाळ आले.

तात्पर्य: न दिसणाऱ्या कामाचा वाटा जो आधी काढून ठेवतो, त्याचेच दिसणारे काम टिकते.