सूर धरून बसलेला केरबा

फार वर्षांपूर्वी, हरणटेकाला अजून डांबरी रस्ता आला नव्हता आणि अख्ख्या गावात एकच घड्याळ होतं, तेही बहुतेक वेळ बंद असायचं, त्या काळातली ही गोष्ट. खरी आहे का, असं मध्येच विचारायचं नाही. कडुनिंब आहे, टेकाईचं देऊळ आहे, आणि दर चैत्रात देवीची पालखी त्या कडुनिंबाखाली थांबते, एवढं तुम्ही स्वतः जाऊन पाहू शकता. बाकीचं मी सांगतो.

त्या वेळी माणदेशाच्या वाटांवर वाजंत्र्यांचा एक ताफा हिंडायचा. एक छकडा आणि चार माणसं. सनई वाजवायचा सदोबा, हलगी वाजवायचा गेनू, आणि सूर धरायचा केरबा. केरबाची बायको यमुना ही सदोबाची थोरली बहीण. ती तिघांचं खाणंपिणं बघायची, बैलांना चारापाणी करायची, आणि वेळ आली तर तिघांना दटावायचीही.

सूर म्हणजे काय, ते आजकालच्या पोरांना सांगावं लागतं. दिसायला सनईसारखीच नळी, पण तिच्यावर बोटं नाचवायची नाहीत. तिच्यातून एकच आवाज काढायचा आणि तो तुटू द्यायचा नाही. सनई त्या आवाजाच्या भरवशावर वरखाली हिंडून येते आणि शेवटी त्याच्यातच येऊन विसावते. आता न तुटता फुंकायचं म्हणजे श्वास कधी घ्यायचा? नाकानं घ्यायचा, गालांत साठवायचा आणि तोंडानं सोडत राहायचं. केरबा हे पपईच्या देठाची नळी पाण्याच्या तांब्यात बुडवून शिकला. बुडबुडे थांबले की त्याचा बाप पाठीत धपाटा घालायचा. पुढे पुढे बुडबुडे थांबेनात आणि बाप झोपी जायला लागला, असं म्हणतात.

दिवाळी सरली की ताफा गाव सोडायचा आणि पहिल्या पेरणीच्या आधी परतायचा. मधले सगळे दिवस वाटेवर. आज या गावचं लग्न, परवा त्या गावची जत्रा, मध्ये कुणाचं बारसं, कुणाच्या नव्या विहिरीची पूजा. सकाळी ओढ्यावर सनईच्या तोंडाची पत्ती भिजत ठेवायची, तोवर गेनू हलगी शेकून घ्यायचा, यमुना तीन दगडांवर भाकरी थापायची. निघताना ते दगड ती तिथंच ठेवायची. म्हणायची, "पुढल्या साली हितंच यायचं हाय, उगा कशाला हलवायचे?" आणि पुढल्या साली दगड तिथंच असायचे, काळे, यमुनेची वाट बघत. ढवळीच्या ओढ्याला एक चूल, पिंपळतळ्याला एक, नाक्यावरच्या धर्मशाळेला एक. अशी साऱ्या मुलखात तिची घरं होती. भिंत तेवढी एकाही घराला नव्हती.

बैलांचं तर विचारूच नका. रस्त्याकडेला कुणाच्याही लग्नाचा मांडव दिसला की ते आपोआप थांबायचे. आपलं आमंत्रण नाही हे त्यांना पटायचंच नाही. मग गेनू खाली उतरून त्यांची समजूत काढायचा आणि मांडवातले लोक हसून सगळ्यांना जेवायला बसवायचे. काय दिवस होते! आता बँड येतो तो टेंपोतून येतो आणि टेंपोतूनच जातो. चूल मांडायला त्याला सवड कुठली?

या ताफ्याचा एक नेम होता, तो नीट ध्यानात ठेवा. वाजवणं संपवायचा मान सनईचा. सदोबा गाणं फिरवून फिरवून सुरात आणून सोडायचा आणि मग केरबाच्या खांद्यावर हात ठेवायचा. खांद्यावर हात पडला की केरबा नळी तोंडातून काढायचा. याला ते 'सूर ठेवणं' म्हणत. सुरवाल्यानं आपल्या मनानं सूर ठेवायचा नाही. मग पाऊस येवो, नवरदेव घोड्यावरून पडो, नाहीतर मांडव पेटो.

हरणटेकाचाही एक नेम होता. टेकाईची पालखी उचलली की ती वाजपावर चालायची. वाजप वाटेत थांबलं, तर पालखी आहे तिथं खाली टेकायची आणि त्या साली देवी देवळात परत जायची नाही. असं कधी झालं नव्हतं, म्हणून सगळ्यांना त्याची भीती जरा जास्तच वाटायची.

सदोबाची सनई म्हणजे काय सांगू! बाया हातातलं काम टाकून दारात यायच्या. गावोगावी लोक विचारायचे, "सनईवाल्याचं नाव काय?" सुरवाल्याचं नाव कुणी विचारलं नाही. केरबाला त्याचं काही वाटायचं नाही, पण सदोबाच्या डोक्यात मात्र हळूहळू वारं शिरलं. त्यात एका जत्रेत तंबूतल्या एका मोठ्या नाटक मंडळीचा माणूस त्याला भेटला. म्हणाला, "तुमच्यासारख्या कलाकारानं छकड्यात का कुजावं? आमच्या तंबूच्या दारावर तुमच्या नावाची पाटी लावू. चैत्रात हरणटेकाला मोटार घेऊन येतो. यायचं तर या."

सदोबानं हे कुणालाच सांगितलं नाही. बहिणीलाही नाही.

चैत्र आला. टेकाईची पालखी निघाली आणि कडुनिंबापाशी पोचली. सदोबा रंगात आला होता, सनई चढावर होती, आणि तेवढ्यात रस्त्यावर मोटारीचा भोंगा वाजला. सदोबानं गाणं जिथं होतं तिथंच सोडलं.

यमुना धावली. "सदा, आरं कुठं निगालास? गाणं तरी पुरं कर!"

"आक्का, माझं मला बघू दे आता. जन्मभर काय ह्या छकड्यामागं चालायचं?"

"आन् दाजींचा सूर?"

"सूर काय, कुणीबी फुकंल," सदोबा म्हणाला आणि मोटारीत चढला. केरबाच्या खांद्यावर त्यानं हात ठेवला नाही. रागाच्या भरात विसरला की मुद्दाम ठेवला नाही, यावर हरणटेकात आजही भांडणं होतात.

मोटार गेली. धुरळा बसला. गेनूची हलगी भांबावून थांबली. भोई पालखी खाली टेकवायला वाकले. तेवढ्यात देवळाचे पुजारी आबा गुरव ओरडले, "थांबा! वाजप कुठं थांबलंय?"

सगळ्यांनी कान दिला. केरबा कडुनिंबाच्या बुंध्याला टेकून उभा होता, डोळे मिटलेले, गाल फुगलेले, आणि सूर चालू होता.

"सूर हाय तवर वाजप हाय," आबा म्हणाले. "पर नुसत्या सुरावर पालखी पुढं जायाची न्हाई. खांदं बदला, देवी खाली टेकवायची न्हाई."

आणि खांदे बदलायला लागले. आधी भोयांचे, मग मानकऱ्यांचे, मग ज्यांना एरवी पालखीजवळ उभं राहू देत नसत त्यांचे, आणि शेवटी पुरुष दमले तेव्हा बायकांचे. टेकाईनं कुणाचा खांदा नाकारला नाही. यमुना केरबाच्या डोक्यावर ओला पंचा ठेवायची, तो वाळला की पुन्हा भिजवायची. तिला रडू आवरेना.

"ठिवा आता सूर," ती म्हणाली. "माझा भाऊ हाय त्यो, मला त्याचा हट्ट ठावं हाय. त्यो येत न्हाई."

केरबाला बोलता येत नव्हतं. त्यानं डोळे उघडले, एक बोट वर केलं आणि रस्ता दाखवला. मग पुन्हा डोळे मिटले.

किती वेळ? कुणी म्हणतं दिवस मावळेपर्यंत, कुणी म्हणतं पुढच्या बाजारापर्यंत. आबा गुरवांच्या घराण्यातले तर अमावास्येपर्यंत म्हणतात, पण त्या घराण्याला सगळंच थोडं लांबवायची सवय आहे. आपण पुष्कळ वेळ म्हणू.

इकडे मोटार ढवळीच्या ओढ्याला पाणी भरायला थांबली. यमुनेच्या चुलीचे दगड तिथं होतेच. सदोबा उतरला आणि त्याच्या कानावर सूर आला.

"ऐकू येतंय का?" त्यानं मंडळीच्या माणसाला विचारलं.

"काय?"

"सूर."

"इंजिन तापलंय हो, त्याचा आवाज," तो माणूस म्हणाला. सदोबा पुन्हा मोटारीत जाऊन बसला.

पिंपळतळ्यापाशी मोटार थांबलीही नाही. तरी चुलीच्या दगडांवरून पुढे जाताना सूर आला. सदोबानं कानांवर पटका आवळून घेतला. मोटार नाक्यावरच्या धर्मशाळेला चहापाण्यासाठी थांबली. तिथं विठू नावाचा पाणक्या होता, ताफ्याच्या जुन्या ओळखीचा. सदोबाला बघून त्याचं तोंड फुललं.

"आलासा व्हय? म्या यमुनाबाईची चूल झाडून ठिवली बगा. मघाधरनं सूर येतुया तुमचा, म्हटलं छकडा आला जवळ." मग त्यानं मोटारीकडे पाहिलं, सदोबाकडे पाहिलं, आणि साधेपणानं विचारलं, "पर सनई का गप हाय?"

सदोबा चुलीपाशी गेला. चुलीचे दगड खरंच झाडून ठेवलेले होते, शेजारी सरपणही रचलेलं होतं. इतक्या वर्षांत त्याच्या नावाची पाटी कुठंच लागली नव्हती हे खरं, पण त्याच्यासाठी चूल मात्र सगळीकडे लागलेली होती. तिथंच उकिडवा बसून तो लहान पोरासारखा रडला. मोटारीचा भोंगा वाजला, पुन्हा वाजला. मग मोटार त्याच्याशिवाय निघून गेली.

सदोबा उलट पावली चालू लागला. चालला कसला, पळालाच. वाट चुकायची भीती नव्हती, सूर पुढे होता. पण जसजसं गाव जवळ आलं तसतसा सूर मोठा व्हायच्या ऐवजी बारीक होत चालला. टेकडीच्या पायथ्याला तर तो इतका बारीक झाला की धाप आवरून, उभं राहून ऐकावा लागला.

कडुनिंबाखाली गाव तसंच उभं होतं. पालखी खांद्यांवर होती. केरबा आता खाली बसलेला होता आणि त्याला मागून यमुनेनं धरलं होतं. ओठ फुटून नळीवर रक्त वाळलं होतं.

ओल्या पंच्याचं टोक पिळून सदोबानं सनईची पत्ती भिजवली आणि जिथं गाणं सोडलं होतं, त्याच चढावर सनई लावली. पालखी हलली. केरबाला गेनूनं आणि यमुनेनं दोन बाजूंनी उचललं. सगळे देवळाशी पोचले. देवी गाभाऱ्यात गेली. सदोबानं गाणं फिरवून सुरात आणून सोडलं आणि हात केरबाच्या खांद्यावर ठेवला.

केरबानं नळी तोंडातून काढली. पण सूर थांबला नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले. देवळातली घंटा, घरातली भांडी, आडातलं पाणी, सगळं त्याच सुरात घुमत होतं, आणि मग सावकाश निवत गेलं, असं म्हणतात.

आता केरबा सदोबाला काय बोलतो, याकडे साऱ्या गावाचे कान लागले. शिवी दिली असती तरी ती त्याला शोभली असती. केरबानं दम खाल्ला, बहिणीसमोर मान खाली घालून उभ्या राहिलेल्या मेहुण्याकडे पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला,

"यमुने, चूल पेटव. सदा उपाशी आला असंल."

त्यानंतर केरबाच्या छातीत पहिला दम उरला नाही. पुढल्या साली ताफा वाटेला लागला तेव्हा सदोबानं आपली सनई गेनूच्या भावाच्या हातात दिली आणि सूर स्वतः घेतला. लोक विचारायचे, "सनईवाल्याचं नाव काय?" सदोबा ते सांगायचा, आणि न विचारताच केरबाचंही नाव सांगायचा. केरबा छकड्यात बसून ऐकत असायचा. तीच वाट, त्याच चुली, आणि मांडव दिसला की थांबणारे तेच बैल.

ती चौघंही गेली. वाटा रुंद झाल्या, ओढ्यावर पूल आले, धर्मशाळा पडली. चुलीचे दगड कुणीतरी रस्त्याच्या भरावात घातले असतील. कधी त्या रस्त्यानं गेलो तर मला अजून वाईट वाटतं.

पण हरणटेकात पालखी आजही कडुनिंबाखाली थांबते. सनई थांबते, हलगी थांबते, आणि एकटा सूर चालू राहतो. मग गुरव मोठ्यानं विचारतो, "कोन यायचं ऱ्हायलंय?" गावातली निम्मी पोरं सोनंचांदी गाळायच्या, गलाईच्या कामाला दूर दूर गेलेली. घराघरांतून नावं येतात, कोईमतूरचा कुणी, कलकत्त्याचा कुणी, भांडून गेलेला आणि चार वर्षं पत्ता नसलेला कुणी. सारं गाव रस्त्याकडे बघत उभं राहतं. एसटी येते, जीप येते, कुणीतरी पिशवी टाकून धावत येतं आणि पालखीला खांदा देतं, तेव्हाच सनई पुन्हा सुरू होते. आजवर कुणीच आलं नाही असं एकदाही झालेलं नाही, असं म्हणतात.

आणि बुंध्याशी तीन दगडांची चूल मांडलेली असते. तिच्यावर केलेली पहिली भाकरी बाजूला काढून ठेवतात. तिला सदाची भाकरी म्हणतात. ती सगळ्यात उशिरा येणाऱ्याची. तो येऊन जेवेपर्यंत, इतके दिवस कुठं होतास, असं हरणटेकात त्याला कुणी विचारत नाही.