रुंद दगड

कुणालाही सांगायचं नाही, असं गुरुजींनी मला बजावलं होतं. जवळजवळ तीन वर्षं मी सांगितलं नाही.

त्यांची नजर गेली होती. मठात हे फक्त मला ठाऊक होतं, कारण शाळा सुटल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून ते फिरायला निघत. म्हातारपणी आधार लागतो, असं सगळे समजत.

"...मग आज तरी सांगाल का, बाग कशी झाली?" सोएनदादाने एके दिवशी त्यांना विचारलं.

तो गुरुजींचा शिष्य. मठामागची बाग त्याने एकट्याने रचली होती. गुरुजींच्या तोंडून एकदा 'छान' ऐकायचं, एवढ्यासाठी.

"तीन वर्षं दगड सरकवतोयस," गुरुजी म्हणाले. "एवढ्या वेळात डोंगरसुद्धा हलला असता. चल."

माझ्या खांद्यावरचा हात काढून ते वाटेवर उतरले. मी मागोमाग उतरले.

आमच्याकडे बागेतल्या वाटेवर लहान, उंचसखल दगड मुद्दाम बसवतात. चालणाऱ्याची मान खाली राहते. जिथून बघायचं, तिथे एक रुंद दगड असतो. त्यावर पाय स्थिरावला की मान आपोआप वर होते.

गुरुजी अनवाणी, पावलांनी चाचपत चालले. रुंद दगड आला. ते थांबले. मान वर केली.

"बघा!" सोएनदादा हरखला. "न सांगता थांबलात ना? काय दिसतंय?"

"तूच सांग."

"मेपल. त्यामागे धबधबा. त्यामागे धुक्यातला डोंगर."

"आणखी?"

"शेवाळ... दगडी दिवा..."

"आणखी?"

सांगायला काही उरलं नाही, तेव्हा त्याने वळून गुरुजींकडे पाहिलं.

गुरुजींचा चेहरा धबधब्याकडे नव्हता. कुंपणाच्या बांबूंकडे होता.

सोएनदादा त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

"कधीपासून?"

"तू तिसरा दगड बसवलास, तेव्हापासून."

"मग मी ही बाग कुणासाठी..."

गुरुजींचं पाऊल पुढचा दगड शोधत होतं. सापडत नव्हता.

"हा जरा लांब पडलाय," ते म्हणाले. "हात दे."

त्याने हात दिला.

याला महिना झाला. वाटेवर पानं साचली आहेत. सोएनदादा बागेत जात नाही. संध्याकाळी गुरुजींच्या खोलीत येऊन बसतो. आत्ताही ते दोघं आत आहेत, आणि मी बाहेर पायरीवर लिहिता लिहिता विचार करते आहे, की मी त्याला आधीच सांगून टाकलं असतं, तर कदाचित...

"चियो," गुरुजींची आतून हाक आली. "दिवा लाव गं. सोएन अंधारात बसलाय."