ताईला वास आला होता

यंत्रं आपसात बोलत असत, तेव्हाची गोष्ट. एका प्रयोगशाळेत चकतीताई आणि तिचा धाकटा भाऊ भोंगा राहत. ताईच्या अंगावर डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांचा लेप होता. विषारी वायूचा वास आला की ती सांगे आणि भोंगा ओरडे.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. ऊद पेटताच ताई म्हणाली, "धूर!" भोंगा बोंबलला. माणसं पोट धरून हसली, "अरे, हा देवाच्या धुपालाही घाबरतो!"

पुढे एकदा खरंच नळीतून वायू सुटला.

"ओरड रे बाळा!"

"तुझं काय जातंय? हसं माझं होतं."

"माझे कण जळतायत रे!"

"नाटकं पुरे, ताई."

ती सांगतच राहिली. तिचा आवाज खोल गेला, मग थांबला. तेव्हा कुठे भोंगा जिवाच्या आकांताने ओरडला. माणसं खोकत बाहेर पळाली आणि वाचली.

काळवंडलेली चकती त्यांनी काढून फेकली. "हिने वेळेवर कळवलंच नाही. भोंगा होता म्हणून वाचलो," म्हणत एकाने त्याला मायेनं पुसलं.

भोंग्याला खरं सांगायचं होतं. पण माणसांपुढे त्याला नुसतं ओरडता येई, आणि आता ओरडायलाही तोंड उरलं नव्हतं.