हातभर गोडं पाणी

"सहा दिवसांची वाट तुडवून अब्बा आले, आणि विचारलं काय, तर 'जेवतोस ना नीट?' याला का बापाची माया म्हणायची, बाबा?"

इल्यास तावातावाने बोलत होता. खरं तर त्याला रडू येत होतं.

दानियारबाबा हसले. हे म्हातारे फकीर चहूकडून जमिनीने वेढलेल्या एका समुद्राकाठी राहत. इल्यास गेल्या पानगळीत त्यांचा शिष्य झाला होता. पोरगा गुणी, पण घमेंड चौघांना पुरून उरेल एवढी.

"मग तू काय म्हणालास?"

"काही नाही. पाठ फिरवली. सहा महिने मी मनाचा तळ गाठायला धडपडतोय, आणि हे अजून ताटापाशीच! दुपारी परत निघणार आहेत. जाऊ देत."

बाबांनी होडी सोडली.

"चल, प्यायचं पाणी संपलंय."

नदीच्या मुखापाशी ते थांबले. वरचं पाणी गढूळ, तेव्हा चांगलं पाणी तळाशीच असणार, असं इल्यासचं गणित. त्याने घागरीला धोंडा बांधला, तिच्या तोंडात बोळा कोंबला, दोन पुरुष खोल सोडून दोरीने बोळा ओढला. घामाघूम होऊन घागर वर काढली आणि पहिला घोट मोठ्या प्रेमाने गुरूंना दिला.

बाबांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तरी त्यांनी तो गिळला.

"खारट आहे?"

"समुद्रच आहे, बाळा."

मग त्यांनी गावातल्या बायका घेतात तशी उथळ लाकडी थाळी घेतली. पाणी न हलवता वरच्यावर भरली, गाळ बसू दिला आणि इल्यासपुढे धरली.

इल्यास प्यायला. गोड. गारेगार.

"डोंगरावरचं बर्फ वितळलं की नदी फुगते," बाबा म्हणाले. "तिचं पाणी हलकं. खाऱ्यावर तरंगत राहतं."

"किती खोल?"

"हातभर."

"एवढंच?"

"एवढ्यावर गाव उन्हाळा काढतं."

"...आणि मग?"

"थंडीचे वारे सुटले की सगळं ढवळून निघतं. मग कितीही शोध, सापडत नाही."

इल्यासने किनाऱ्याकडे पाहिलं. ऊन चढलं होतं. त्याने घाईघाईने वल्ही उचलली, आणि थबकला.

"बाबा... मी तर पाठ फिरवली. आता जाऊन बोलू काय?"

बाबांनी त्याच्या कपाळावरचा घाम आपल्या उपरण्याने पुसला.

"त्यांनी तुला काहीतरी विचारलंय. त्याचं उत्तर दे."